टोपीवरून फिरवायचा अंगठा

आण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापेक्षा मीच म्हातारा आहे. सातवीपर्यंत शिकलेल्या हाताने लिहितोय, चुका पोटात घाला. मी लेकीकडे असतो, न्यूझीलंडला, अप्पर हटमध्ये. घर उबदार आहे, गॅरेज मात्र गारठलेलं, आणि माझा सगळा जीव त्या गॅरेजात अडकलाय. जावई तिथे काडतुसं भरतात. महायुद्धातली एक जुनी लष्करी रायफल त्यांनी रीतसर घेतलीय. एक गोळी सुटली की ती पुढचं काडतूस स्वतःच आत ओढते. तिला मानवणारी काडतुसं दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून वापरलेल्या पितळी नळीच्या बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. मागे पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला, मुलगा काय करतोय म्हणून. मी म्हटलं, "गॅरेजमध्ये दारू भरत बसलेत." पलीकडून मग बारीक आवाजात, "रोज?" लेकीला कितीतरी वेळ समजावत बसावं लागलं.

तुम्ही मला काडतुसांच्या कारखान्यात तुमच्या हाताखाली चिकटवलंत, ते सुरुवातीचे दिवस आठवतात. मी काडतूस उजेडाकडे धरून बुडावरची टोपी निरखतोय, आणि तुम्ही मागून येऊन टपली मारता. "सोनार आहेस का? बघत काय बसलास, अंगठा फिरव." टोपी केसभर जरी वर राहिली तरी अंगठ्याला लागायची. असल्या रायफलीत तीच भीती. काडतूस आत ढकलणारा तिचा बोल्ट जोरात पुढे आदळतो, आणि वर राहिलेली टोपी चाप ओढण्याआधीच, बोल्ट पुरता बंद व्हायच्या आत पेटू शकते. अगदी तोंडासमोर. जावयांना हे ठाऊक होतं, तरी माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मग बाबा, शेवटचा हात तुमचा." तेव्हापासून भरलेलं प्रत्येक काडतूस माझ्याकडे येतं, मी अंगठा फिरवतो, मान हलवतो, ते डब्यात जातं.

आण्णा, या हिवाळ्यापासून माझ्या अंगठ्याला काही कळत नाही. साखरेने बोटं बधिर झालीत. कप गरम की गार, ते ओठाला लावल्यावर समजतं. तरी मी मान हलवत राहिलो, कारण या घरात माझ्यावाचून अडणारं तेवढं एकच काम होतं. काल जावई म्हणाले, उद्या सकाळी नेमबाजीच्या रेंजवर जायचंय. मी ताट बाजूला सारलं. लेक म्हणाली, "बाबा, आमटी बिघडलीय का?" शेवटी गॅरेजात जाऊन सांगून टाकलं. वाटलं, रागावतील. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "बसा. हीटर लावतो." मग डबा टेबलावर उपडा केला आणि प्रत्येक काडतुसाच्या बुडावर पोलादी पट्टी आडवी धरून पाहिली. इकडच्या लोकांसारखं म्हणाले, "स्वीट अ‍ॅज, बाबा. सगळी नीट आहेत. तुमच्याकडे देण्याआधी मी बघतोच."

आज ते रेंजवर गेलेत. मी खिडकीशी बसून हे लिहितोय, कान गाडीच्या आवाजाकडे. पाकीट मागितलं तर लेक विचारेल कुणाला, म्हणून कागद उशीखालीच ठेवीन. एवढं मात्र तुम्हाला सांगतो. काल शेवटचं काडतूस पट्टीखालून नीट निघालं तेव्हा मला हायसं वाटलं नाही. एखादी तरी टोपी वर निघायला हवी होती, म्हणजे माझ्या अंगठ्यावाचून अडतं हे ठरलं असतं, असं वाटून गेलं.