दोन लेकरं, एकच घर

मी, नीतू अंशुल जगदाळे, वय सत्तावीस, राहणार देवास, माहेर निसरपुर, तालुका कुक्षी, जिल्हा धार. पाय सुजलेत, बीपी वाढलेलं आहे, पण डोकं जागेवर आहे. मला कोणी धाक दाखवला नाही, बळेच लिहवून घेतलं नाही. उलट सगळे नको लिहू म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, भरल्या दिवसांची बाई असले कागद करत नसते. तरी मी लिहिते, माझ्या मर्जीनं आणि माझ्या हातानं.

माझं शिक्षण आठवीपर्यंत, तेही हिंदी शाळेत. मराठी मी आजीच्या तोंडून शिकले. वकील साहेब म्हणाले, हिंदीत टाइप करून देतो, दस मिनिट का काम है. मी नाही म्हटलं. मनातलं मला आजीच्याच बोलीत सांगता येतं. शेजारच्या ऋजुताताई शाळेत शिकवतात. त्यांनी सांगितलं, कलमं पाडून लिही, म्हणजे कागद कागदासारखा दिसेल. काना-मात्रा त्यांनी बघितल्या. शब्द माझे आहेत.

सोमवारी इंदूरला माझं ऑपरेशन करून बाळ काढणार आहेत. बाळाची वार खाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त जास्त जाऊ शकतं, आम्ही बाटल्या तयार ठेवतो, बहुतेक सगळं ठीक होतं. बहुतेक हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. माझी आई लतिका मला जन्म देताना गेली. म्हणून मला भीती वाटते. खोटं कशाला लिहू.

कलम १. माझी मुलं दोन. चिऊ सहा वर्षांची, आणि दुसरं जे सोमवारी येईल ते. मी परत आले नाही तर दोघांनी एकाच घरात वाढायचं. एक इथे आणि एक तिथे असं कोणी करायचं नाही. हा सगळा कागद एवढ्यासाठीच आहे, बाकीची कलमं ह्याच्या मागे.

पंधरा दिवसांपूर्वी मी ओसरीत मेथी निवडत होते. आत सासूबाई, म्हणजे सगुणाबाई, फोनवर बोलत होत्या. पलीकडे माझी नणंद उर्वशीताई, धारला असतात, लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. सासूबाई म्हणत होत्या, "हे बघ, देवानं काही कमी-जास्त केलंच तर बाळ तू घेऊन जा. चिऊ मोठी आहे, ती रमेल माझ्याजवळ. अंशुल एकटा दोन कशी सांभाळणार?" मग आवाज खाली केला, मला पुढचं ऐकू आलं नाही.

त्यांना मी वाईट म्हणत नाही. माझ्या सुजल्या पायांना रोज त्याच तेल चोळतात. पण त्यांनी माझ्या लेकरांची वाटणी केली, मी जिवंत असताना, कढीला फोडणी देता देता.

कलम २. मी एवढी का भांडते ते. मला एक भाऊ आहे, मनन, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आई गेली तेव्हा तेराव्याच्या पंगती उठल्यावर मोठी माणसं बसली आणि ठरवलं, मुलगा बापाकडे धारला, मुलगी आजीकडे निसरपुरला. कोणाचा वाईट हेतू नव्हता. मननला राखीला एकदा आणायचे, संध्याकाळच्या बसनं परत. मी त्याला राखी बांधायची आणि तो मला "थँक्यू" म्हणायचा. सख्खा भाऊ, आणि मला तो "आप" म्हणायचा. मागच्या आठवड्यापर्यंत म्हणत होता.

माझी आजी, इंदू, आईची आई, हे सगळं ठरत होतं तेव्हा भिंतीला टेकून बसली होती. पुढे मला ती म्हणायची, "नीते, मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. उघडून काय म्हणणार होते? घर तुझ्या आजोबांच्या नावाचं, ते वारलेले, कारभार यशवंताचा. मी मुलाच्या ताटात जेवणारी. माझं घर असतं तर दोघांना आत घेतलं असतं आणि दार लावलं असतं."

कलम ३. ते घर. माझ्या मालकीची मोठी वस्तू एकच आहे. नव्या निसरपुरात, पुनर्वसनाच्या वस्तीत, दोन खोल्यांचं पक्कं घर, पुढे ओटा, मागे शेवगा. जुनं निसरपुर नर्मदेच्या पाण्यात गेलं, त्याच्या बदल्यात ही जागा मिळाली. ती माझ्या नावावर कशी आली हे मुलांना कळलं पाहिजे म्हणून लिहिते.

मी चार-पाच वर्षांची असताना सर्वेवाले आले. कोणाचं घर, कोणाची जागा, लिहून घेत होते. मामा, म्हणजे यशवंतराव, त्या दिवशी सतवासला गेला होता. आजी दारात उभी. बाबूनं विचारलं, "माई, मकान किसके नाम है?" आजी म्हणाली, "यशवंताच्या बाबांच्या." बाबू म्हणाला, "उनका नाम?" आजीनं पदर पुढे घेतला. आमच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घेतील, ते वेगळं. परक्या माणसासमोर, उघड्या दारात, नाही. बाबूनं पुन्हा विचारलं. आजी म्हणाली, "यशवंताचे बाबा, सांगितलं ना." बाबूला उन्हात अजून चाळीस घरं करायची होती. त्याला एकच नाव मिळालं होतं, यशवंत. तेच त्यानं लिहिलं आणि पुढे गेला.

यादी लागली तेव्हा जागा मामाच्या नावाची. आजीनं मामाला सांगितलं, अरे, ही चूक आहे, नीट करून घे. मामा म्हणाला, "आई, लिखा सो लिखा. माझ्या नावावर काय, तुझ्या नावावर काय, एकच." मग वर्षाच्या आत जागेला गिऱ्हाईकही शोधायला लागला.

तेव्हापासून आजी कुक्षीच्या कचेरीत चकरा मारायला लागली. दहा-अकरा वर्षं. पापड-कुरडयांच्या ऑर्डरी करायची, हात मोकळा झाला की बस पकडायची. प्रत्येक वेळी तिला सांगायचे, माई, तुमचं बयान तोंडी द्यावं लागेल, मकान मालिक कौन, तुमचे कोण लागत होते, नाव घेऊन. आजी गप्प परत यायची. शेजारच्या माणसाला पाठवलं, चाललं नाही. कागदावर लिहवून नेलं, तेही चाललं नाही. घरी येऊन म्हणायची, "मेलेल्या माणसाला चव्हाट्यावर कशी ओढू गं?"

मी सोळा वर्षांची होते तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. त्या दिवशी नवा बाबू होता, तरुण. तो म्हणाला, "माई, आप बोलोगी तो मैं अभी लिखता हूँ." आजी दाराकडे वळली. मला वाटलं आता परत फिरणार, पण तिनं दारात चपला काढल्या आणि परत आली. तिनं टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "गोपाळराव. गोपाळराव माझा नवरा. घर त्यांचं होतं, त्यांच्या मागे माझं आहे. लिही बाळा." बाकावर बसलेली माणसं वळून बघायला लागली. बाबूनं लिहिलं, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अजून एकदा वाच." त्यानं वाचलं.

बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. आजीचं तोंड लाल झालं होतं. बसमध्ये बसल्यावर तिनं माझ्या हातात शेंगा दिल्या, एक रिकाम्या जागेपुढे धरली आणि म्हणाली, "घ्या गोपाळराव." मग हसायला लागली. निसरपुर येईपर्यंत हसत होती. चाळीस वर्षांत त्या माणसाला एकदाही हाक मारली नव्हती, ती सगळी त्या दिवशी मारून घेतली.

कागद पालटायला अजून दोन वर्षं लागली, पण पालटला. गाव पाण्यात गेलं त्या साली आजी स्वतःच्या नावाच्या घरात राहायला गेली. अडीच वर्षं राहिली. जायच्या आधी तिनं ते माझ्या नावावर केलं. म्हणाली, "तुझ्यापाशी दार असू दे."

कलम ४. म्हणून आता मी लिहिते. हे घर चिऊचं आणि येणाऱ्या बाळाचं, दोघांचं मिळून, भिंत न घालता. मुलगा असो की मुलगी. ती मोठी होईपर्यंत ज्याच्या छताखाली दोघं एकत्र असतील त्यानं घराची देखरेख करावी. अंशुल असेल तर अंशुल. पण दोघांना वेगळं केलं तर त्याच दिवशी किल्ली मननकडे जाईल. त्यानं दोघांना तिकडे घेऊन जावं, दार उघडावं.

ऋजुताताई म्हणाल्या, "नीतू, मुलांवर हक्क बापाचा असतो. मुलांबद्दल अशी अट कोर्टात टिकेल का, मला सांगता येत नाही." मी म्हटलं, कोर्टाचं राहू द्या, ताई. कागद वाचताना अंशुल समोर असला म्हणजे झालं. माझ्या आजीपाशी म्हणायला जागा नव्हती. माझ्यापाशी आहे, म्हणून मी म्हणते.

कलम ५. आजीचा पितळेचा सोऱ्या चिऊला. कुरडई करताना गव्हाचा चीक गरम असतानाच भरायचा, हे तिला माहीत आहे, पण ती घाई करते. मंगळसूत्र मोडायचं नाही, बाळासाठी ठेवायचं. बाळ मुलगा असला तर त्याच्या बायकोला. माझा मोबाइल अंशुलला, त्यात चिऊचे व्हिडिओ आहेत, मिटवू नये. ऋजुताताईंचा मोठा स्टीलचा डबा आपल्याकडे आहे तो परत करावा. दिवाळीपासून राहिला आहे.

आईचा एकच फोटो होता, तिच्या कडेवर मनन. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीची सही करू नये असं ताई म्हणाल्या. म्हणून तो फोटो मी मननला मागच्या आठवड्यातच देऊन टाकला. त्यानं तो हातात घेतला. मग म्हणाला, "तुझं नाक आईसारखं आहे." तुझं म्हणाला.

कलम ६. यशवंतमामाला काही नाही. आजीच्या दिवसांनाही तो आला नाही, आणि तिचं मोठं पातेलं अजून त्याच्याकडे आहे. ते त्यानं ठेवावं. त्यात शिजवताना तिची आठवण झाली तर बरं, नाही झाली तर पातेलं तरी चांगलं आहे.

कलम ७. उर्वशीताईंसाठी. ताई, मी फोन ऐकला. तुमच्यावर राग नाही. अकरा वर्षं काय असतात ते मला कळत नाही, पण तुम्ही चिऊचे केस विंचरता तेव्हा तुमचा हात किती हळू असतो ते मी बघितलं आहे. अंशुलला खरंच झेपलं नाही, आणि तुम्हाला घ्यायचं असलं, तर दोघांना घ्या. एकट्या बाळाला नाही. चिऊ माझ्या पोटाला तोंड लावून त्याच्याशी बोलते. त्याला तिचा आवाज ओळखीचा आहे.

कलम ८. हे कलम आज जोडलं. आज दुपारी सगळ्यांना समोर बसवून मी कागद वाचला. उर्वशीताई धारहून आल्या होत्या, मननही आला होता. फोनचं आलं तेव्हा सासूबाईंनी मान खाली घातली. अंशुल म्हणाला, "आई, तू असं बोललीस?" त्या म्हणाल्या, "मी घाबरून बोलले. तू घाबरला नाहीस का? बाथरूममध्ये नळ सोडून रडतोस, मला काय ऐकू येत नाही?"

उर्वशीताई म्हणाल्या, "वहिनी, पूर्ण फोन तरी ऐकायचा होता. मी आईला म्हटलं होतं, मी बाळ घेतलं तर चिऊ मला आयुष्यभर काय म्हणेल? लिहा तुम्ही. दोघं, नाहीतर एकही नाही. आणि सोमवारी मी दवाखान्यात येते आहे, रक्त द्यायला. माझा ग्रुप तुमचाच आहे."

मनन अंशुलला म्हणाला, "भिया, सही कुठे करायची?" अंशुलनं बोट ठेवून दाखवलं.

सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. त्या शाईचा पॅड शोधत होत्या.

मला अजूनही भीती वाटते. पण आता ती माझ्या एकटीपुरती आहे, मुलांची भीती संपली. माझ्या आईला एवढं सांगायला वेळ मिळाला नाही. मला मिळाला, आणि सगळ्यांनी ऐकलं. सोमवारी मी चालत आत जाईन.

मी परत आले तर हा कागद फाडू नये. घर तेव्हाही दोघांचंच आहे.

ठिकाण: देवास
तारीख: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सही: नीतू अंशुल जगदाळे

साक्षीदार: नीतूनं आमच्या डोळ्यांसमोर सही केली, तिच्या समोर आम्ही केली.
१. ऋजुता पारनेरकर, शिक्षिका, देवास
२. मनन निकम, धार, नीतूचा सख्खा भाऊ

खाली घरच्यांनी आपणहून लिहिलं ते:

वाचलं. दोघं एकाच घरात. मंजूर. अंशुल जगदाळे

मंजूर. उर्वशी

सगुणाबाई जगदाळे, डाव्या हाताचा अंगठा. त्यांना सही येते. म्हणाल्या, सही कोणीही माझी करेल, अंगठा माझाच लागतो.