म्हणे कुत्र्याला मराठी कळत नाही!

मंगळवार, १२ नोव्हेंबर, सायंकाळी ५.४०

आज पुन्हा ब्रूनो माझ्या आरामखुर्चीत! गुडघे ठणकत होते, तीनदा "खाली उतर" म्हणून ओरडले. कुत्रा ढिम्म. ह्यांचं आपलं ठरलेलं, "अगं, भोपाळचा कुत्रा तो, त्याला मराठी कुठून कळणार?"

मग तुम्ही सांगा की हिंदीत! तर म्हणे, "झोपलाय बिचारा."

झोपलाय? स्वयंपाकघरात जाऊन मी नुसतं "पोळी" पुटपुटले, तर स्वारी पायाशी हजर. "रोटी" नव्हे, पोळी! आणि ती तोंडात धरून पठ्ठ्या माझ्याआधी पुन्हा खुर्चीत. मीही फसलेच की.

ह्यांच्या चष्म्याखाली चिठ्ठी ठेवली आहे: खुर्ची कोणाची? लेखी उत्तर उद्या सकाळी सातच्या आत द्यावे. न दिल्यास चहा ब्रूनोकडे मागावा.