सहाव्या गाण्यात पडलेली काठी

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण भाव पूर्ण लांबीचा आहे).

आपली तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? (गुडघ्याची चौकशी केवळ रीत म्हणून. त्याची बित्तंबातमी माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात मी तुम्हाला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तो मामींनी उचलला आणि तिन्ही वेळा मी गुडघ्याबद्दल विचारून ठेवून दिला. मामींना मी हल्ली फार प्रेमळ वाटू लागलो असेन. तो गैरसमज तसाच राहू द्यावा.) तुमची भाचेसून मजेत आहे, तलावावर लोकांना पोहायला शिकवते आणि घरी आल्यावर मला म्हणते, ‘अरे, मामांशी सरळ बोल ना, ते काय खाणार आहेत का तुला?’ पाण्यात ढकललं की माणूस आपोआप हात मारायला लागतो, हा तिचा धंद्यातला अनुभव. मी मात्र काठावरूनच हे पत्र लिहितो आहे.

चार महिन्यांपूर्वी मी मोठ्या आनंदाने फोनवर कळवलं होतं की छत्रीच्या चित्राचा तुमचा तो अल्बम चाळीस वर्षांनी नव्याने निघतो आहे आणि त्याचं रीमास्टरिंग कंपनीने माझ्याकडे दिलं आहे. मामींनी तेव्हा विचारलं होतं की म्हणजे नेमकं काय करतोस. तर जुन्या टेपवरचा आवाज पुन्हा उतरवून घ्यायचा, त्यातली खरखर, गुणगुण काढायची आणि आजच्या यंत्रांवर तो चांगला वाजेल असं करायचं. आमच्या स्टुडिओच्या खाली ड्रायक्लीनरचं दुकान आहे. तो आणि मी एकाच धंद्यात आहोत, दोघंही डाग काढतो. फरक इतकाच की त्याच्याकडे अजून कुणी ‘आमचा डाग परत द्या’ म्हणून भांडायला आलेलं नाही.

त्या फोनवर तुम्ही म्हणालात, ‘तेवढं सहावं गाणं नीट करून टाक. मरायच्या आत एकदा ते सरळ ऐकू दे.’

मामा, हे वाक्य मी छातीशी धरून कामाला बसलो. सहावं गाणं मला लहानपणापासून पाठ आहे. मध्येच सगळं थांबतं, एकटी गिटार उरते, आणि मग ड्रम धाडकन यायचे असतात. नेमक्या त्या जागी तुमच्या हातातली काठी निसटली, फरशीवर पडली, गडगडत गेली, तुम्ही ‘अरे!’ म्हणालात आणि उरलेल्या एका काठीने अर्धा ठोका उशिरा आत शिरलात. सगळा मामला दोन सेकंदांचा. त्यापायी तुम्ही त्याच दिवशी बँड सोडलात, कव्हरवरून स्वतःचं नाव काढायला लावलंत आणि पुढची पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलीत. (आई म्हणते, तेव्हापासून तुम्ही जेवतानासुद्धा चमचा घट्ट धरता.) मी तीन दिवस खपलो. गाण्याच्या पहिल्या भागातला तुमचाच एक स्वच्छ ठोका उचलून तिथे बसवला, काठीचा आवाज पुसला, ‘अरे’ पुसलं. सांधा असा जमला की मला स्वतःलाही तो सापडेना. आणि तुम्हाला आवडेल म्हणून मी खूश झालो. माझं जे काही वाटोळं झालं ते इथून पुढे.

कंपनीच्या बाईंनी मला न विचारता नमुन्याची प्रत या अल्बमच्या चाहत्यांच्या मंडळाकडे पाठवली. ही मंडळी दर रविवारी सकाळी एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जमतात. मला आपली बाजू मांडायला बोलावणं आलं. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, खाली दोन भले थोरले स्पीकर आणि समोर अकरा माणसं अशी बसलेली, की मी आत शिरताच सगळ्यांनी मला तक्त्यातल्या सर्वांत खालच्या ओळीसारखं डोळे बारीक करून पाहिलं. दुकानाचे मालक चष्मेवाले मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या शेजारी एक ग्रंथपाल बाई, ज्या मोठ्याने श्वास घेतला तरी मागे वळून बघतात. आणि एक गृहस्थ, ज्यांना सगळे थर्मामीटर म्हणतात, कारण ते आवाज मोजायचं यंत्र घेतल्याशिवाय कुठेही जात नाहीत.

मामा, तुम्ही या अल्बमचं नाव काढलं की खोलीतून उठून जाता, त्यामुळे जगात काय चाललंय याची तुम्हाला कल्पना नाही. यांच्यात दोन तट आहेत. पहिली तबकडी तेवढी खरी, बाकी सगळं पाप, असा एक. वीस वर्षांपूर्वीची आवृत्ती इतकी कर्कश होती की सगळी वाद्यं एकाच वेळी भांडतात, यावर सर्वांचं एकमत, पण तिच्या आपल्याकडे चार-चार प्रती असल्याचंही सर्वांनी कबूल केलं. आणि दुसरा तट म्हणजे थर्मामीटर, जे एकटेच आहेत. त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की जुनं आणि नवं ते तीन सेकंदांत ओळखतील. मग परीक्षा ठरली. पडद्यामागे यंत्राशी मी. घाबरून माझा असा गोंधळ उडाला की मी दोन्ही वेळा एकच तबकडी लावली. थर्मामीटर या दोहोंमधल्या फरकावर वीस मिनिटं बोलले. एकीत ऊब आहे, दुसरीत माणूस दारातूनच बोलतोय असं वाटतं, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पडद्यामागेच राहिलो. खरं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही, हे फक्त तुम्हाला म्हणून लिहितो.

मग त्यांनी सहावं गाणं लावायला सांगितलं.

ती जागा आली आणि गेली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ‘पुन्हा लावा.’ मी पुन्हा लावलं. ‘कुठे गेलं ते?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काय? (मामा, मी इतका भेकड आहे हे मलाही तेव्हाच कळलं.) ‘ते “अरे” हो!’ अकरा जण एकदम बोलले. पुढचा अर्धा तास काय ऐकावं लागलं ते सगळं लिहीत नाही. बाईंच्या मते ते ‘अरे’ म्हणजे गायकाने जगाला विचारलेला जाब. थर्मामीटरच्या मते तो उशिराचा अर्धा ठोका मुद्दाम योजलेला आहे, आणि इतका अचूक उशीर करणारा ड्रमर पुन्हा झाला नाही. तो कोण, हे कुणालाच माहीत नाही, कारण कव्हरवर फोटो तुमच्यानंतर आलेल्या माणसाचा आहे, आणि त्याचा वाजवण्याचा ढंग वेगळा आहे हे यांनी कधीच ओळखलंय. खऱ्या चौघांतले तिघेच यांना माहीत, म्हणून तुम्हाला हे लोक ‘चौथा’ म्हणतात. फार आदराने म्हणतात.

चष्मेवाले म्हणाले, ‘दुकान उघडलं त्या पहिल्याच दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाचं भिंग माझ्या हातून पडून फुटलं. वाटलं, हे आपलं काम नव्हे, बंद करावं. संध्याकाळी घरी हे गाणं ऐकलं. म्हटलं, यांच्याही हातून पडतं की. आणि पडल्यावर ते थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘ते तुम्ही पुसलंत. का हो?’

मला म्हणायचं होतं, माझ्या मामांनी सांगितलं म्हणून. म्हणालो, तपासून बघतो.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन मी मूळ टेप पुन्हा लावली. तुमच्या ड्रमसमोरच्या माइकचा ट्रॅक वेगळा आहे आणि गाणं संपल्यावरही तो बराच वेळ चालू राहिलेला आहे. तिथे काही नाही असं समजून मी तो आधी ऐकलाच नव्हता. या वेळी ऐकला. तुम्ही उरलेली काठी ठेवल्याचा आवाज येतो. पावलं. दार आपटतं. (चांगलंच आपटता तुम्ही.) मग तुमचा तो गायक, ज्याला तुम्ही सगळे लांब्या म्हणायचात, तो बोलतो. मी शब्द न् शब्द उतरवून घेतलाय. ‘गेला का? बोलवा रे त्याला. हेच ठेवायचं. काठी पडली तिथे गाणं जिवंत झालंय.’ त्यावर गिटारवाला म्हणतो, ‘आत्ता नको, तापलाय तो. उद्या सांगू.’ आणि टेप संपते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलाच नाहीत. नंतरही कुणाचा फोन घेतला नाहीत, असं आई सांगते. लांब्याला जाऊन आता सहा वर्षं झाली. म्हणून त्याचा निरोप मी पोचवतो आहे. जरा उशीर झाला.

हे फोनवर सांगायचं म्हणून मी तीनदा प्रयत्न केला. पण तुम्ही ‘नीट करून टाक’ म्हणाला होतात, मी शब्द दिला होता, आणि तुम्हाला दिलेला शब्द मोडायची मला सातवीपासून भीती वाटते. तेव्हा मी दोन प्रती केल्या आहेत. एकीत काठी पडते, ती माझ्याकडे आहे. दुसरी तुमच्यासाठी, सोबत पाठवलेली, सरळ, जशी तुम्हाला हवी होती तशी. ती ऐका आणि मला फक्त एवढंच सांगा की ती ऐकून बरं वाटलं का. मला विचाराल तर गाणं फार स्वच्छ झालंय आणि त्यात कुणीच राहात नाही असं वाटतं. पण माझं सोडा.

मामींच्या गुडघ्याला नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता.क. – वर मी ‘फक्त एवढंच सांगा’ असं लिहिलंय ते खोटं आहे. नाव काढा आणि चूक दुरुस्त करा असं तुम्ही कंपनीला तेव्हा लेखी दिलं होतं. दुरुस्ती तेव्हा कुणी केली नाही, पण तो कागद अजून त्यांच्या फायलीत आहे. तुम्ही उलट लेखी दिल्याशिवाय कंपनीच्या बाई ते दोन सेकंद परत घालू देणार नाहीत. अल्बम सोमवारी छपाईला जातो. एका ओळीचा होकार पुरे. नाव छापायलाही होकार दिलात तर दोन ओळी.

दुसरा ता.क. – उत्तर टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून हे पत्र हातोहात पाठवलं आहे. योगायोगाने चष्मेवाले शनिवारी नेत्रतपासणीच्या शिबिरासाठी तुमच्या गावी येत आहेत. ते तुमच्यासमोर उभे आहेत तेच. ते उत्तरासाठी थांबतील.

तिसरा ता.क. – पत्र घरगुती आहे, मामींच्या गुडघ्यासंबंधी आहे, असं मी त्यांना सांगितलंय. आपण कुणाच्या दारात उभे आहोत याची त्यांना पुसटशीही कल्पना नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सांगणार असाल तर आधी त्यांना खुर्चीत बसवा. रक्तदाबाची गोळी त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात असते.