घसरगुंडीवरचं स्वस्तिक

गुरुजी, तुम्हाला घसरगुंडीबद्दल लिहायला बसलो आहे. संस्कृतच्या मास्तराने आपल्या संस्कृतच्या गुरूला लिहावं असा हा विषय नव्हे, हे मला कळतं. पण तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, आणि एवढ्या काळात एक ओळ न लिहिणाऱ्या शिष्याने विषयाची निवड करत बसू नये. शिवाय आपल्या दोघांमधलं शेवटचं बोलणं तिच्याबद्दलच झालं होतं. बोलणं म्हणजे मी बोललो आणि तुम्ही ऐकलंत. असा उलटा प्रकार उभ्या आयुष्यात तेवढा एकदाच घडला, आणि तो मला बारा वर्षं पुरला.

सुरुवात मुंबईत झाली. त्या दिवाळीच्या सुट्टीत बायकोला आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मी मेव्हण्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी त्याने आम्हाला एका मोठ्या बागेत नेलं. तिथे मुलांसाठी वेगळं आवार होतं. साखळ्यांचे झोपाळे, गरगर फिरणारं लोखंडी चाक, गुडघाभर वाळू आणि मधोमध दोन पुरुष उंचीची घसरगुंडी. पण मी बघत राहिलो तो माणसांकडे. आपल्याकडे मोठी माणसं पोरांकडे बघतात ती फक्त हाक मारण्याआधी. इथे कुटुंबंच्या कुटुंबं भेळेच्या पुड्या घेऊन बाकांवर बसली होती आणि पोरं खेळतात एवढंच बघत होती. घसरगुंडीच्या पायथ्याशी टोपी घातलेला एक गृहस्थ उकिडवा बसला होता. वरून येईल त्या पोराला धरायचा, उभं करायचा, पुढे ढकलायचा. आमच्या मुलीलाही त्याने पाच-सहा वेळा धरलं. कोणाची गं तू, हे एकदाही विचारलं नाही. आपल्या महाडात पोर पडलं तर आधी ते कोणाचं हे विचारतात आणि मग उचलतात.

परत आल्यावर तुमच्या ओटीवर बसून मी हे सगळं सांगितलं. खरं म्हणजे भीतभीतच सांगितलं. खेळाबद्दलचं तुमचं मत मला पाचवीतच कळलं होतं. वर्गात माझ्या खिशातून गोट्या सांडल्या तेव्हा तुम्ही त्या शांतपणे गोळा केल्यात आणि घरच्या कोनाड्यात ठेवून दिल्यात. मॅट्रिकचा निकाल लागल्यावर पेढे घेऊन आलो, तर त्याच गोट्या पुरचुंडीत बांधून हातावर ठेवल्यात आणि म्हणालात, "आता खेळ." तेव्हा मला मिशा फुटल्या होत्या. त्यामुळे मुंबईचं वर्णन ऐकून तुम्ही एखादा श्लोक फेकाल आणि विषय मिटवाल अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही मात्र सुपारी कातरता कातरता थांबलात.

"उंच किती म्हणालास?"

"दोन पुरुष असेल."

"आणि पोरं खाली येतात ती गप्प येतात की ओरडत?"

"ओरडत."

"मग महाडात हवी," असं म्हणून तुम्ही पुन्हा सुपारी कातरायला लागलात.

मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेलेल्या आपल्या झाडून सगळ्या माजी विद्यार्थ्यांना तुम्ही पत्रं धाडलीत. तुमचं पत्र आलं की माणूस अजून घाबरतो, हा त्याचा फायदा झाला. शहरातल्या कुठल्याशा क्रीडांगणातून जुनी म्हणून काढलेली घसरगुंडी कोणीतरी मिळवली, आणि चैत्र संपता संपता रत्नागिरीकडे जाणाऱ्या एका ट्रकवर ती आडवी निजून आली. ट्रकवाला ओरडत होता, "मास्तर, लवकर उतरवा. हिला घेऊन कशेडी चढलो तर घाटात हीच मला मागं ओढंल." चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या मैदानात आम्ही ती उभी केली. पाय चुन्यात बसवले, पायऱ्या ठोकल्या, आणि पोरांनी नदीची वाळू घमेल्यांनी आणून खाली पसरली.

आणि मग तुम्ही पूजा केलीत. नारळ, आंब्याचे डहाळे, अक्षता, सगळं यथासांग. पूजा करायची म्हणजे तुम्हाला थोडक्यात काही जमत नसे. शेवटी तुम्ही कुंकू कालवलंत आणि त्या चकचकीत पत्र्यावर, बरोबर मध्यावर, वीतभर लांबीचं सुरेख स्वस्तिक काढलंत. मीच ताम्हन धरून उभा होतो. माझ्याही डोक्यात काही आलं नाही, हे इथे नमूद करतो. आपण दोघं मिळून सबंध तालुक्यातले सर्वांत शिकलेले गाढव होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात पोरं ही गर्दी, आणि घसरगुंडीवर एकही नाही. प्रत्येकाचा दंड त्याच्या आईच्या मुठीत. मी म्हटलं, चढा की रे. तेव्हा कोपऱ्यावरची भाजीवाली मला समजावून सांगू लागली.

"पूजा झाली ना मास्तर तिची. वर सातिया काढलाय. त्याच्यावर बूड टेकायचं व्हय?"

"अहो, ट्रकची पूजा करतात आणि मग त्यात बसतातच ना?"

"ट्रकात बसतात. ट्रकाच्या तोंडावर नाय बसत कोण."

 स्वस्तिक पुसायला कोणी धजेना, मीही नाही. तिसऱ्या दिवशी पायथ्याशी फुलं दिसली, पाचव्या दिवशी उदबत्ती. सातव्या दिवशी कोण्या लेकुरवाळी व्हायची आस असलेल्या बाईने वरच्या कठड्याला नवसाचा चिमुकला लाकडी पाळणा बांधला. मुंबईहून निघताना ती खेळणं होती आणि महाडात पोचून आठवड्याच्या आत नवसाला पावू लागली. तळ्यापलीकडच्या वस्तीतली चार पोरं रोज संध्याकाळी येऊन लांब उभी राहत. आमच्याच पोरांना कोणी चढू देत नव्हतं, तर ती कशाला पुढे येतात?

आठव्या संध्याकाळी तुम्ही मैदानात आलात, आणि ती फुलं बघून तुमच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं. दिसलं असं मला वाटलं. माझा तोल गेला. पंधरा-वीस माणसांसमोर मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही खेळणं मारून त्याचा देव केलात. या गावात एखादी वस्तू देव झाली की पुढचा प्रश्न असतो, तिला शिवायचं कोणी. तळ्याच्या पाण्याच्या सत्याग्रहावेळी तुम्ही तरणे होतात. तेव्हाही गप्प बसलात, आणि आता हे." तुमचा हात उपरण्यावर गेला. त्या लांब उभ्या पोरांकडे तुम्ही एकदा पाहिलंत आणि घरी गेलात.

दुसऱ्या संध्याकाळी मी मैदानात जातो तो घसरगुंडीवर पोरांचा पूर. स्वस्तिक नाहीसं झालेलं. आणि सर्वांत वर, पाळण्याशेजारी, तळ्यापलीकडचीच ती चार पोरं, ओरडत. मला वाटलं, आपल्या बोलण्याचा परिणाम. आठ दिवस मी गावात जरा छाती काढूनच हिंडलो. तुम्ही मात्र दिसेनासे झालात. ओटीवर नाही, देवळात नाही. मी तुमच्या घरी आलो तर तुमच्या मंडळींनी, आमच्या काकूंनी, दारातच हात आडवा केला. "आज नको रे." दोन दिवसांनी पुन्हा आलो. "आज नको." मग मी यायचंच सोडलं. आषाढात तुम्हाला ताप भरला आणि तीन दिवसांत तुम्ही गेलात. मी तिरडीला खांदा दिला. माफी राहून गेली.

तेव्हापासून मी शहरांतली क्रीडांगणं बघत हिंडतो, गुरुजी. लोक देवळं बघतात तशी. पेपर तपासायला पुण्याला गेलो तर आधी बाग. तिथे आता पोरांसाठी चिमुकली आगगाडी धावते, आणि नातवंडांना मांडीवर घेऊन आज्याही बसतात, इतकी गर्दी असते. कोल्हापूर पाहिलं, बडोदं पाहिलं. बायको म्हणते, "तुमची मुलगी मोठी झाली, तुम्हीच राहिलात." प्रत्येक ठिकाणी बाकावर बसतो, उंची डोळ्यांनी मोजतो, आणि दर वेळी मला तो उपरण्यावर गेलेला हात दिसतो. एवढ्या वर्षांत काकूंच्या समोर एकदाही गेलो नाही. त्या पोलादपूरला भाच्याकडे राहायला गेल्या, तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं. एसटीने तासाभराचा रस्ता, पण मला तो झेपला नाही.

आज गेलो, कारण मुलीच्या लग्नाची अक्षत द्यायची होती आणि ती टपालाने धाडून चालत नाही. काकू आता वाकल्या आहेत, पण ऐकू सगळं येतं. अक्षत हातात घेऊन म्हणाल्या, "ही तीच का रे, जिच्यापायी घसरगुंडी आली?" मी हो म्हटलं, आणि बारा वर्षं तोंडात धरलेलं बोलून टाकलं. म्हटलं, गुरुजी माझ्यावर रागावून गेले.

काकूंनी अक्षत बाजूला ठेवली. "रागावले कुठे? पालथे पडले होते!"

मग त्यांनी सांगितलं. माझ्या त्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी, वैशाखात, भर दुपारी सगळं गाव निजलेलं असताना तुम्ही मैदानात गेलात, त्या पायऱ्या चढलात आणि स्वतः घसरलात. पत्रा तव्यासारखा तापलेला. "भिंतीला धरधरून घरी आले," काकू म्हणाल्या, "धोतर मागून लालभडक. मी किंचाळलेच, म्हटलं रक्त! तर म्हणतात, ओरडू नकोस, कुंकू आहे. थोडं भाजलंयही. आठ दिवस तूप लावत होते मी. आणि पालथे पडल्या पडल्या आपले हसतायत."

तुम्हाला पाहिलं होतं एकटीनेच. डोंगरावरच्या वाडीतून तूप विकायला येणारी बाई घसरगुंडीला हात जोडायला थांबली होती. "गुरुजी, देव हाय ना तो!" ती म्हणाली. तुम्ही वाळूतून उठता उठता म्हणालात, "मग काय झालं? ही त्याची मांडी आहे. मांडीवरच्या पोराचा पाय लागला म्हणून कोणी रागावतं का? जा, सांग सगळ्या आळ्यांतून. सगळ्या म्हटलं मी." तिची परतीची वाट तळ्यापलीकडच्या वस्तीवरून जाते. तिने आधी तिथे सांगितलं.

"मग मला दारातून का परत पाठवलंत?" मी विचारलं.

"त्यांनीच बजावलंनी. म्हणाले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो स्वतःचं काही बोललाय, आणि बरोबर बोललाय. आत आला की माफी मागेल आणि सगळं घालवील. घेऊ नकोस आत."

गुरुजी, मी काकूंच्या ओसरीवर बसून आधी हसलो आणि मग उपरण्यात तोंड घातलं. काकूंनी चहा पुढे सरकवला, जरा गार झाला तरी घे म्हणाल्या. परतीच्या एसटीत खिडकीतून नदी दिसत होती, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की कंडक्टरने दोनदा विचारलं, मास्तर, बरं हाय ना?

घरी येऊन बायकोला सगळं सांगायला लागलो. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी थांबलो.

"तुला ठाऊक होतं?"

"गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. काकूंनी शपथ घातली होती, पुरुषांत बोलायचं नाही."

"अगं, पण मला?"

"गुरुजींच्या बसायच्या जागेबद्दल मी तुमच्याशी काय बोलायचं? आणि तुम्हाला इतकं लागलंय, हे तुम्ही तरी कधी सांगितलंत?"

मी तिच्या शेजारी बसून तांदळातले खडे वेचायला लागलो.

तेव्हा माफी मागत नाही. तुमचीच आज्ञा आहे, आणि ती मोडून आता काय मिळवणार? हे पत्र टाकण्याचाही प्रश्न नाही. पेटीत टाकलं तर पोस्टमास्तर माझा विद्यार्थी आहे, तो पत्ता बघून माझ्या घरी विचारपूस करायला येईल. वहीतच राहू दे.

फक्त एक सांगतो, कारण ते तुम्हाला नाही तर कोणाला सांगू? आज दिवेलागणीला पोरं घरी गेल्यावर मी मैदानात गेलो. इकडे तिकडे पाहिलं, चपला काढल्या आणि वर चढलो. पत्रा गार होता, खाली वाळू होती, बघायला कोणी नव्हतं. मी वर बराच वेळ उभा राहिलो, कठड्याला धरून. आणि मग पायऱ्यांनीच उतरलो.