बाबांचं खोगीर

रविवार, १२ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. वहिनींनाही नमस्कार, पोरांना पापा. आईचे गुडघे सोडले तर आई ठणठणीत आहे. मागच्या दाराची कडी अजून तशीच लोंबतेय, गेल्या खेपेला तू 'आत्ता बसवतो' म्हणाला होतास ती.

फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलंच असेल. कारण आहे, पण आधी बातमी घे. गेल्या रविवारी जत्रेतल्या रवाल स्पर्धेत मी दुसरी आले. पहिला अर्थातच गिरणीवाला. आठवडाभर दळण देतानासुद्धा छाती पुढे काढून उभा असतो.

हे तू वहिनींना वाचून दाखवशील, म्हणून त्यांच्यासाठी नीट सांगते. रवाल म्हणजे घोड्याची अशी चाल, की पाय भराभर पडतात पण पाठ जागची हलत नाही. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला पेला, आणि मैदानाला फेऱ्या मारायच्या. शेवटी ज्याच्या पेल्यात जास्त पाणी उरेल, तो जिंकला. आपल्या घोडीची, म्हणजे बाईसाहेबांची, ही चाल काय होती, ते तुला माहीतच आहे. घोडीवर बसून बाबा बिनदिक्कत पेपर वाचायचे.

बाबा गेल्यावर मी घोडी चालवायला लागले, ते तुला पटलं नव्हतं. या वयात हाडं मोडून घेशील म्हणालास. हाडं शाबूत आहेत. भीती वेगळीच होती.

पाणी सांडायचं. सरावाला सुरुवात केल्यापासून दर वेळी. पेला भरून निघायचे आणि परत येईपर्यंत बाही भिजलेली. घोडी तीच, मैदान तेच, बाबांच्या आठवणीने खोगीरही मी त्यांचंच घालायचे. मग बदललं काय, तर पेला धरणारा हात.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. बाबांचा कंपवातही असाच सुरू झाला होता. आधी बशीत चहा सांडला, मग सहीची अक्षरं बारीक होत गेली. आईने एक दिवस घरातल्या सगळ्यांनाच अर्धा कप चहा द्यायला सुरुवात केली, एकट्या बाबांचा कप अर्धा दिसू नये म्हणून. आपण कुणी कधी का म्हणून विचारलं नाही. बाबा गेले तरी या घरात कप अर्धाच भरतो.

मी रोज शिवणाचं दुकान उघडलं की आधी सुईत दोरा ओवून बघायचे. ओवला गेला तर दिवस बरा. पण पहिल्या फटक्यात जाईना, आणि जाईना म्हणून हात आणखी थरथरायचा. एकदा डॉक्टरांकडे गेलेसुद्धा. बाकावर बसले, नंबर आला, आणि उठून चक्क बाहेर पडले. येताना बटणं घेऊन आले, म्हणजे आईने विचारलं तर सांगायला काहीतरी हवं. तुला फोनवर 'सगळं मजेत' म्हणत राहिले. तूही तेच म्हणत होतास.

मग जत्रेत तरी कशाला उतरलीस, असं विचारशील. अरे, एकदाचं काय ते कळू दे म्हणून. चार लोकांसमोर पेला रिकामा झाला असता, तर मला स्वतःशी खोटं बोलता आलं नसतं.

आणि ऐनवेळी बाबांच्या खोगिराचा पट्टा तुटला. मी तशीच घोडी घेऊन घरी निघाले होते, आणि खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं होतं. तेवढ्यात गिरणीवाला त्याचं जादाचं खोगीर खांद्यावर टाकून आला.

"कुठे निघालात ताई? तुम्ही नसलात तर मी हरवायचं कुणाला?"

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्याने पट्टा आवळलासुद्धा.

दादा, पाणी सांडलं नाही. बाईसाहेब अशा चालल्या, की मी पेल्याकडे बघायचंच विसरले. वळणावर चार थेंब गेले असतील, बास. खाली उतरले तर परीक्षक पेला मागतायत आणि माझ्या हातून तो सुटेना. शेवटी त्यांनी "अहो बाई, मोजू तर द्या" म्हणून काढून घेतला.

मी तडक कुंपणाशी गेले. बाबांचं खोगीर तिथे उलटं पडलं होतं. डाव्या बाजूचा भराव पार चपटा झालेला, उजवी बाजू टम्म. शेवटची वर्षं बाबा डावीकडे कलून बसायचे, आठवतंय ना? खोगीरही त्यांच्यासारखंच कललं होतं.

गिरणीवाला मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "यात अजून तुमचे बाबाच बसलेत. तुम्ही कलता, मग घोडी तुम्हाला सावरते आणि तिची चाल मोडते."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम त्यांच्यासारख्या बसता. आठवण म्हणून."

मला हसू आलं आणि रडूही आलं. गिऱ्हाइकाचा एक खांदा जरासा उतरता असला तरी तो दारातून आत येतानाच माझ्या नजरेत भरतो. आणि मी स्वतः इतके महिने वाकडी बसले होते. शिंपीणबाईंची ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, एवढीच विनंती.

मंगळवारी डॉक्टरांकडे गेले. या वेळी आतपर्यंत गेले. त्यांनी मला चालवलं, बोटं नाचवायला लावली, कागदावर लिहायला लावलं. म्हणाले, आज तुम्हाला काहीही नाही, उद्याचं मलाही सांगता येत नाही, आणि सुईसाठी चष्म्याचा नंबर वाढवून घ्या.

घरी आले. आईला मी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आत गेली, चहा टाकला, आणि माझ्यापुढे कप ठेवला तो काठोकाठ भरलेला. म्हणजे तिला सगळं आधीपासून माहीत होतं. मी तो न सांडता प्यायले. ती समोर बसून बघत होती.

आता पत्राचं कारण. तुला माझं अक्षर दिसावं म्हणून लिहिलं. बघ, शेवटपर्यंत एकसारखं आहे.

आणि वहिनींवर रागावू नकोस. तू जेवण झाल्यावर दिव्याखाली हात धरून बघत बसतोस, हे त्यांनी मला दिवाणखान्यातून दबक्या आवाजात फोन करून सांगितलं. तुझं काम लोकांच्या दातांचं, भीती माझ्यापेक्षा जास्त असणार. कदाचित तुझंही एखादं खोगीरच निघेल. नाही निघालं, तर मी आहे, आई आहे. पण बाकावरून उठून येऊ नकोस. मी आलेले आहे, उपयोग होत नाही.

जाऊन ये, मग इकडे ये. कडी बसव. आईने तुझा मोठा कप वरच्या फळीवरून काढून धुऊन ठेवलाय. डॉक्टर काहीही म्हणोत, तो ती पूर्ण भरणार आहे. सांडला तर पुसू.

तुझी,
आता सरळ बसणारी
धाकटी