पूजेतून उचललेले पेन

मी, तारा खंडोजीराव माने, वय त्रेसष्ट, राहणार लष्कर मोहल्ला, म्हैसूर, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. एकदा दडपणाखाली सही करून बसले आहे, म्हणून ही खबरदारी.

१. घराचा खालचा मजला व बँकेतील ठेव मुलगा अनुराग यास. यजमान गेल्यावर घराची डागडुजी त्यानेच केली.

२. माझा मायक्रोमीटर शरण्या हिला. मेटगळ्ळीच्या कारखान्यात सत्तावीस वर्षे मी सुटे भाग मापून पास-नापास करीत असे; ती माझ्या हाताखाली शिकली. माझी नोकरी गेल्यावर तिथून फोन आला तो तिचा एकटीचा.

३. मॅनेजर रघूत्तम अंत्यदर्शनाला आल्यास त्यांना कॉफी द्यावी, भाषण करू देऊ नये. नापास माल मी पास करीना, म्हणून चार वर्षे त्यांनी मला सर्वांसमोर फैलावर घेतले. शेवटी आयुधपूजेचा दिवस निवडला. त्या दिवशी पूजेत मांडलेल्या हत्याराला कोणी हात लावत नाही. माझे पेनही तिथेच होते. केबिनमध्ये टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवून ते म्हणाले, “सुम्ने सही माडि, मेडम.” मुकाट्याने सही करा. स्वतःचे पेन पूजेतून उचलायला ते तयार नव्हते; मला माझे आणायला सांगितले. मी कुंकवासकट आणले! आज हत्यार उचलत नाही, एवढे म्हटले असते तरी विचाराला एक रात्र मिळाली असती. हा राग मी बरोबर नेणार आहे, कोणाला वाटून देत नाही.

४. वरचा मजला मुलगी मृण्मयी हिला. बेंगळुरूच्या तिच्या ऑफिसातून फोन वाजला की तिचा घास हातातच राहतो. गेल्या रविवारी इथे आली तेव्हा नळ सोडून रडत होती. विचारले तर म्हणाली, “आई, स्वल्प अ‍ॅडजस्ट करायला लागतंय ग. सोडलं तर अनुरागअण्णाच्या संसारात किती दिवस राहू मी?” मीही चार वर्षे असेच म्हणत होते. फार भीती वाटते मला तिच्यासाठी.

वकील कृष्णमूर्ती म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच चालते. तेवढा वेळ मृण्मयीकडे नाही. वरचे भाडेकरू गेल्या महिन्यात गेले, अनुरागशी बोलून झाले आहे. म्हणून कलम ४ पुरती मी मरेपर्यंत थांबत नाही. वरच्या मजल्याची किल्ली आजच्या बसने तिच्याकडे घेऊन जात आहे. राजीनामा तिने स्वतःच्या शब्दांत लिहावा. तो होईपर्यंत मी शेजारी बसेन.

सही: तारा खंडोजीराव माने
साक्षीदार: १. कृष्णमूर्ती, वकील २. सुप्रीता, शेजारीण
म्हैसूर, १६ फेब्रुवारी २०२५