टाचेवरचे थेंब

प्रिय मनस्वी,

तुझी आणि तुझ्यासारख्या प्रत्येक ओल्या बाळंतिणीची तक्रार मी आधी मांडते. आपल्या बाळाचं रक्त घेतात, रिपोर्ट हातात ठेवतात. पण ते रक्त कसं घेतलं, कसं सुकवलं, यावरही निकाल फिरतो हे आपल्याला कुणी सांगत नाही. रिपोर्टने बोलायचं आणि आईने मान खाली घालून ऐकायचं. का म्हणून?

बघ, पत्रातही भाषण सुरू झालं. परवा तुझ्या सासूबाईंनी मला त्यावरूनच सुनावलं. तू आत होतीस, बाळाचं रडणं ओटीपर्यंत येत होतं. रंभाबाईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "ताई, भाषण सभेत करा, माज्या ओटीवर नको. आमच्या घरान असला आजार कंदी नव्हता. पोराला पुन्ना टोचू देनार नाय." तुझ्या सासरच्या याच चिरनेरला हुतात्म्यांच्या स्मारकापुढे मी दरवर्षी बोलते आणि माणसं श्वास रोखून ऐकतात. तुझ्या दारातून मात्र मी चहा पिऊन परत आले.

त्यांचा राग मला कळतो. करंजाड्याला तुझ्या माहेरी लॅबचा कुंदन रक्ताचा नमुना घ्यायला आला, तेव्हा मी तिथेच होते. बाळाची टाच गार पडलेली, थेंब येईना, म्हणून तो ती पिळत होता. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. कागदावरची वर्तुळं कशीबशी भरली. कागद सुकू द्या, कुरिअरवाला येऊन नेईल, असं सांगून तो पुढच्या घरी पळाला. मग तो निकाल आला. दुधातली साखर पचवायला लागणारं एन्झाइम बाळात जवळजवळ नाही. डॉक्टरांनी अंगावरचं दूध तिथल्या तिथे बंद करायला लावलं, सोयाची पावडर दिली आणि लगेच पुन्हा तपासणी करा म्हणाले. तू पदर छातीशी असा आवळून बसलीस, जणू तुझ्या दुधानेच गुन्हा केला होता. त्याच संध्याकाळी आमचे जावई परेश तुम्हाला चिरनेरला घेऊन गेले. त्यानंतर तू फोन उचललेला नाहीस.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आहे का? डॉक्टरांनी विचारलं होतं, कागद कुठे सुकवला? आपण सगळे गप्प. मला वाटलं, कुणालाच आठवत नसेल.

तू गेल्यापासून तुझी आई गच्चीवर पाऊल टाकत नाही. तिथे वाळत घातलेली करंदी, ती बारीक कोळंबी, कावळ्यांनी नेली. मी ओरडले, तर भामा नुसती बघत राहिली. जेवतही नाही धड.

काल तिने तोंड उघडलं. कुंदन गेल्यावर तिने तो कागद गच्चीवरच्या तापल्या पत्र्यावर ठेवला, कोपऱ्यांवर खडे ठेवून. "लवकर सुकल, निकाल लवकर येल, असा वाटला गो मना. आपुन मीठ नाय सुकवत? म्हावरा नाय सुकवत?" मिठागरावर वाढलेली बाई, ओलं दिसलं की उन्हात घालणार! मी तडक डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, उष्णतेने कागदावरच्या रक्तातलं ते एन्झाइम नासतं. बाळात असूनही तपासणीत दिसत नाही. म्हणजे बाळ धडधाकट असेल. किंवा नसेल. मला माहीत नाही, भामाला नाही, आज डॉक्टरांनाही नाही. इतकी पुस्तकं वाचली, इतकी मैदानं गाजवली, आणि या एका प्रश्नापुढे माझे हात रिकामे आहेत. म्हणून तोवर आपल्या मनाने दूध पाजू नकोस. पण पिळून काढत राहा, आटू देऊ नकोस. आईवर रागवायचं तर नंतर रागव. या वेळी कागद सावलीत सुकेल, आणि सुकेपर्यंत मी त्याच्याशेजारून हलणार नाही. सासूबाई काहीही म्हणोत, मनस्वी, उद्या सकाळी बाळाला घेऊन पनवेलला डॉक्टरांकडे ये आणि त्याची टाच पुन्हा एकदा टोचू दे.

तुझीच,
द्वारकामावशी